रिकाम्या खाटा, भरलेला विभाग

आमच्या विभागातील तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात अतिदक्षतेच्या किती खाटा वाढवाव्यात, याचा प्रस्ताव माझ्याकडे होता. प्रत्येक ठिकाणी १० खाटा आणि रोज सरासरी ८ बाळे, एवढ्यावरून वाढीची गरज पटवून देणे कठीणच होते. वास्तविक अशा लहान आकड्यांत चढउतार मोठा असतो. बाळे निव्वळ योगायोगाने येतात असे धरले, तरी सरासरी ८ असताना मागणी १० च्या वर जाणारे दिवस शंभरात अठराच्या आसपास निघतात. तिन्ही ठिकाणच्या ३० खाटा एकत्र वापरल्या, तर असे दिवस दहाच्या जवळ येतात.

हे गणित मांडत मी समन्वय कक्षात बसलो असतानाच एका प्रसूतिगृहातून फोन आला. जुळी, २७ आठवडे, कळा सुरू. बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइड दिले आहे, प्रसूतीला थोडा अवकाश आहे, दोन जागा हव्यात. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर रस्त्याने हलवले तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून शक्य तोवर आईलाच आधी हलवतात.

पहिले रुग्णालय भरलेले होते. दुसऱ्याकडे दोन वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटा, रिकामे होते, पण रात्रपाळीला परिचारिका कमी. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक परिचारिका पूर्णवेळ लागते आणि तक्त्यात खाट मोजली जाते, तिच्याशेजारी उभे राहणारे माणूस नाही. तिसऱ्या ठिकाणच्या सिस्टर म्हणाल्या, “माझ्याकडची दोन बाळं श्वासाच्या मशीनवरून उतरून बरेच दिवस झाले. आता नळीनं दूध आणि वजन, एवढंच. पण यांना परत घ्यायला गावाकडच्या रुग्णालयात जागा आहे कुठे?”

तास-दीड तासाच्या फोनाफोनीनंतर मशीनवरून उतरलेल्या त्या दोन बाळांसाठी दोन वेगवेगळ्या लहान रुग्णालयांत जागा निघाली आणि आई प्रसूतीपूर्वी तिसऱ्या रुग्णालयात पोहोचली.

प्रस्तावात मी अतिदक्षतेच्या नव्या खाटांचा आकडा कमी केला. त्याऐवजी लहान रुग्णालयांत अशा सावरलेल्या बाळांसाठी विशेष देखभालीच्या खाटा, परिचारिकांची पदे आणि तिन्ही रुग्णालयांची प्रत्येक पाळीची एकत्र नोंद मागितली. त्या नोंदीत रिकाम्या खाटेपुढे परिचारिका आहे की नाही, आणि परत पाठवण्याजोगी बाळे किती, असे दोन रकाने जोडले आहेत. अतिदक्षतेच्या मागणीत साध्या खाटा कशाला, ही शंका अर्थखात्याकडून आलीच. उत्तरादाखल मी त्या दुपारच्या फोनांची नोंद जोडून दिली.