पीएसपी ३००० टीव्हीवर: थरथरणाऱ्या चित्राचा माग अखेर लागला

पीएसपी ३००० हा सोनीचा हातात धरून खेळायचा जुना गेम कन्सोल मी केबलने टीव्हीला जोडून खेळतो. मागच्या नोंदीच्या शेवटी मी कंपोनंट केबलचे (चित्र हिरव्या, निळ्या आणि लाल अशा तीन तारांनी नेणाऱ्या केबलचे) कौतुक आणि थरथरणाऱ्या चित्राची तक्रार एकाच परिच्छेदात उरकली होती. त्या थरथरीचे मूळ आता सापडले आहे आणि ते पीएसपी, केबल किंवा टीव्ही यांपैकी कशातही नव्हते; ते आमच्या कूलरच्या पंपात आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात होते. जळगावच्या मे महिन्यात हा छंद करणाऱ्या इतरांनाही हाच त्रास होत असण्याची दाट शक्यता वाटल्यामुळे सगळा तपास सविस्तर लिहीत आहे.

आधीची मांडणी थोडक्यात सांगतो. पीएसपी ३००० ची मूळ बॅटरी फुगल्यामुळे ती काढून ठेवली आहे आणि यंत्र बॅटरीविना, थेट चार्जिंगच्या पिनेच्या ५ व्होल्टवर चालते. हे ५ व्होल्ट टीव्हीशेजारच्या डेस्कटॉप संगणकाच्या यूएसबी पोर्टातून येत होते. चित्र कंपोनंटने ३२ इंची एलईडी टीव्हीत जाते आणि त्याच टीव्हीला केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलेला आहे. पंपाइतकेच महत्त्व पुढे या सेट-टॉप बॉक्सला येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

कंपोनंटबद्दल मात्र आधी चार चांगले शब्द लिहायलाच हवेत. ३००० मॉडेल साध्या पिवळ्या एव्ही केबलवरही खेळ दाखवते (२००० वाल्यांना खेळांसाठी कंपोनंट आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या रेषा एकदम पाठवणारे ४८०पी चित्र, यांशिवाय गत्यंतर नाही), त्यामुळे कंपोनंटचा खर्च कशाला करायचा, असे अनेकांना वाटते. मी दोन्ही केबल आलटून पालटून लावून मेनूतली बारीक अक्षरे जवळून पाहिली. पिवळ्या केबलवर पांढऱ्या अक्षरांच्या कडेला जे निळे-तांबडे रंग ओघळतात, ते कंपोनंटवर पूर्णपणे नाहीसे होतात, आणि ४८०पी निवडल्यावर आडव्या रेषांची फडफडही जाते. टीव्हीच्या मागे हिरवे आणि पिवळे भोक एकच असल्यामुळे टीव्हीच्या मेनूत जाऊन इनपुट कंपोनंट आहे असे सांगावे लागते. ते न केल्यास चित्र काळेपांढरे येते आणि लोक केबलला दोष देतात.

आता थरथरीकडे वळतो. चित्र जागचे हलत नव्हते, पण त्याचा उजेड सतत कापत होता. गडद निळ्या पार्श्वभूमीवर हे सर्वांत जास्त जाणवे. आपल्याकडे हम बार म्हटला की जुन्या टीव्हीवर सावकाश वर सरकत जाणारा काळसर पट्टा डोळ्यांसमोर येतो. येथे पट्टा असा दिसतच नव्हता, त्यामुळे विजेच्या ५० हर्ट्झचा संशय मागे पडला आणि केबलच्या जोडण्या, पीएसपीच्या खालचा सॉकेट, टीव्हीची चित्रसुधारणेची सेटिंगे अशा सगळ्या बाजू तपासून झाल्या. पिवळ्या केबलवरही थरथर तशीच होती. खेळ बंद करून नुसता मेनू ठेवला तरी ती जात नव्हती, म्हणजे खेळाचाही संबंध नव्हता.

उलगडा मोबाईलच्या संथ चित्रीकरणाने झाला. सेकंदाला २४० चौकटींनी टीव्हीचा पडदा टिपला आणि ती चित्रफीत आठपट संथ चालवली, तेव्हा रुंद, मऊ कडांचा एक काळसर पट्टा स्पष्ट दिसू लागला. तो सरकत नव्हता, उड्या मारत होता. प्रत्येक उडीत पडद्याच्या उंचीच्या साधारण पाचव्या भागाइतका खाली यायचा आणि तळ गाठला की पुन्हा वरून सुरुवात करायचा. चित्रफितीच्या आठ सेकंदांत, म्हणजे खऱ्या एका सेकंदात, त्याने दहा फेऱ्या केल्या. हा आकडा पाहताच कोडे सुटले. पीएसपी चित्र सेकंदाला जवळजवळ ६० वेळा पाठवते, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि दोघांतला फरक बरोबर दहा आहे. जुने दूरदर्शनचे चित्रही ५० चेच असल्यामुळे त्यावरचा पट्टा जवळजवळ स्थिर राही आणि हळूहळू रांगे; ६० च्या चित्रावर तोच पट्टा इतका वेगाने धावतो की डोळ्याला फक्त थरथर कळते. सारांश, हा हम बारच होता.

हम बार म्हणजे बहुतेक वेळा ग्राउंड लूप, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून नको ती वीज फिरण्याची वाट. त्याची खातरजमा करणे सोपे होते: सेट-टॉप बॉक्सची कोअॅक्स केबल (केबलवाल्याकडून येणारी गोल तार) काढली की चित्र स्थिर, लावली की पुन्हा थरथर. संगणकाऐवजी दोन पिनेच्या मोबाईल चार्जरवर पीएसपी चालवली तरी पट्टा गेला, मात्र त्या स्वस्त चार्जरने पडद्यावर बारीक तिरक्या रेषांची जाळी आणून ठेवली. (चार्जर विकणारे त्यावर किती अँपिअर छापायचे याचा विचार फार करतात, आत फिल्टर घालायचा की नाही याचा मुळीच करत नाहीत.) म्हणजे घराच्या अर्थिंगवरून संगणकात, तेथून यूएसबीच्या ऋण तारेने पीएसपीत, कंपोनंटच्या जाळीवरून (केबलमधल्या मुख्य तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनावरून) टीव्हीत, एचडीएमआयच्या जाळीवरून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि शेवटी कोअॅक्सच्या जाळीवरून केबलवाल्याच्या लाईनीकडे, असा विजेला रस्ता मिळाला होता. त्या पातळ जाळीतून वीज वाहिली की तिच्या दोन टोकांत थोडा दाब उभा राहतो, आणि संपूर्ण संकेतच जेमतेम एक व्होल्टचा असल्यामुळे तेवढा थोडा दाबही चित्रात उमटतो.

प्रश्न एवढाच उरला की ही वीज येते कोठून. कोअॅक्स सोडवून तिची जाळी आणि संगणकाचा पत्रा यांमध्ये मल्टिमीटर एसीवर धरला, तेव्हा एक व्होल्टही दिसला नाही आणि मी बुचकळ्यात पडलो. मीटर तसाच धरलेला असताना आतल्या खोलीत कोणीतरी कूलर लावला. पंख्याने आकडा हलला नाही, पण पंपाचे बटण दाबल्याबरोबर तो एकदम नऊ व्होल्टांच्या आसपास गेला. पंप बंद, आकडा खाली. पंप चालू, आकडा वर. कूलरच्या पत्र्याला ओल्या हाताने स्पर्श केला तर मुंग्या येतात ही घरातली जुनी तक्रार होती, आणि ती कूलर म्हटला की असे व्हायचेच म्हणून सगळ्यांनी स्वीकारलेली होती.

पंप काढून पाहिला तर आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार त्यावर पांढऱ्या खपलीसारखे चढले होते आणि तार जेथे आत शिरते तेथला लेप तडकलेला होता. गळणारी वीज पंपातून कूलरच्या पत्र्यावर आणि तेथून अर्थिंगच्या तारेत जात होती. अर्थिंग चांगले असते तर ती निमूटपणे जमिनीत मुरली असती; पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सळईभोवतीची माती सुटते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, आणि मग घरातल्या संपूर्ण अर्थिंगचाच दाब वाढतो. संगणकाचा पत्राही त्याच तारेवर असल्यामुळे त्या विजेला पीएसपीमधून जाणारी वाट जवळची वाटू लागली. नवा पंप बसवल्यावर मीटर दोन व्होल्टांच्या आत आला आणि खड्ड्यात पाणी भरपूर मुरवल्यावर एकच्याही खाली. दिवसाउजेडी थरथर जाणवेनाशी झाली. काळोख्या दृश्यांत, दिवे मालवून, शोधायलाच बसले तर थोडी सापडत होती.

तेवढ्यावर थांबणे जमणार नव्हते, म्हणून गोलाणी मार्केटमध्ये सीसीटीव्हीचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गाठले. त्याने हकिगत पूर्ण ऐकूनही घेतली नाही. “भाऊ, आमच्या कॅमेऱ्यांना रोज हाच रोग असतो,” म्हणून त्याने ग्राउंड लूप आयसोलेटरची डबी पुढे ठेवली. डबी चांगली आहे, पण ती कंपोझिट, म्हणजे पिवळ्या केबलच्या, संकेतासाठी बनवलेली असते. कंपोनंटला तशा तीन लागतील आणि ४८०पी मधला हिरव्या केबलचा संकेत साध्या एव्हीच्या दुपटीहून जास्त रुंदीचा असल्यामुळे ज्या स्पष्टतेसाठी कंपोनंट घेतली तीच या डब्या खाऊन टाकतील. पिवळ्या केबलवर समाधानी असणाऱ्यांनी मात्र ती अवश्य वापरावी.

मग लूप कोअॅक्सच्या बाजूने तोडायचे ठरवले. जुन्या अँटेनाचे दोन बलून, म्हणजे ३०० ते ७५ ओहमचे ते छोटे रोहित्र, पाठीला पाठ लावून जोडले की संकेत पार जातो आणि तांब्याची सलग वाट राहत नाही. विकत घेताना मीटरने एका टोकाच्या जाळीपासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासून पाहावे, कारण काही बलूनांत आतून जाळी सलगच असते आणि असे बलून या कामाला निरुपयोगी ठरतात. माझी जोडी योग्य निघाली, पट्टा पूर्ण गेला, पण सेट-टॉप बॉक्सवरच्या काही वाहिन्या चौकोन चौकोन होऊन फुटू लागल्या आणि संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी घरातून तीव्र निषेध नोंदवला गेला. बलून सध्या खणात आहेत.

येथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. ग्राउंड लूपवर उपाय म्हणून संगणकाच्या प्लगची जाड पिन काढून टाका, असा सल्ला हमखास मिळतो आणि त्याने पट्टा खरोखरच जातो. तो सल्ला कृपया कोणी पाळू नये. माझ्या घरात गळणारी वीज होती, हे त्या तारेमुळेच कळले. ती तार तोडली असती तर पुढे कधी संगणकातच बिघाड झाला असता तेव्हा त्याचा पत्रा हातात जिवंत आला असता. उलट, या निमित्ताने वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेत आहे. तो आधीपासून असता, तर कूलर लावताक्षणी तो पडला असता आणि हा तपास पीएसपीपर्यंत आलाच नसता.

पुढची योजना नवी बॅटरी घेण्याची होती आणि वरचा परिच्छेद लिहीपर्यंत ती कायम होती. बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर ३६०० एमएएच छापलेले असते, आकार मात्र मूळ १२०० वालीचाच असतो, आणि माझ्याकडे आलेली अशी एक बॅटरी मूळ जुनीच्याही आधी दम सोडून बसली होती; विक्रेत्याने परत घेण्यास चक्क नकार दिला. म्हणून हे लिहिता लिहिताच दुसरी कल्पना सुचली: पिनेची तीच यूएसबी तार संगणकाऐवजी पॉवर बँकेत लावली. पॉवर बँकेचा जमिनीशी काहीच संबंध नसतो, त्यामुळे लूप तयारच होत नाही. कोअॅक्स लावलेली, कूलर पूर्ण वेगात, खोली अंधारी, आणि संथ चित्रीकरणातही पट्ट्याचा मागमूस नाही. चार्जरच्या त्या तिरक्या रेषाही नाहीत. अट एवढीच की खेळताना पॉवर बँक स्वतः चार्जिंगला लावलेली नसावी. नव्या बॅटरीचा खर्च त्यामुळे तूर्त रद्द केला आहे.

आता उरला आहे तो काळ्या चौकटीचा प्रश्न, ज्याची आपल्यापैकी प्रत्येकाला चीड आहे. ७२० बाय ४८० च्या चित्रात खेळ मूळ ४८० बाय २७२ मध्येच मधोमध बसतो, म्हणजे ३२ इंची पडदा घेऊन त्याच्या जेमतेम ३८ टक्के भागात खेळायचे. माझ्या टीव्हीचा झूम कंपोनंटवर फारच ओबडधोबड आहे, म्हणून पीएसपीत फुसा नावाचे बाहेरचे प्लगइन टाकून खेळ पडदाभर ताणून पाहणार आहे. ताणण्याने उशीर वाढतो का, हे त्याच संथ चित्रीकरणाने मोजता येईल: टीव्हीवर गेल्यावर पीएसपीचा स्वतःचा पडदा बंद होत असल्यामुळे दोन्ही पडद्यांची तुलना शक्य नाही, पण अंगठा आणि टीव्ही एकाच चौकटीत धरून, बटण दबल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या चौकटी मोजल्या तर प्रत्येक चौकट सुमारे चार मिलिसेकंदांची भरते. झूमने एकदा, फुसाने एकदा आणि दोन्ही बंद ठेवून एकदा, अशी मोजणी आरसीसीबी बसल्यावर हाती घेतो. २००० मॉडेल असलेल्यांनी आपल्याकडची मोजणी कळवली तर आकडे शेजारी शेजारी मांडता येतील. फक्त टीव्हीचा गेम मोड चालू होता की बंद, तेवढे सोबत लिहावे.