तराण्याला उठवा

लहानपणी आईबाबा मैफलीला घेऊन जायचे तेव्हा माझी एकच अट असायची: तराणा, म्हणजे ते 'तोम तननन'चं जलद गाणं, सुरू झाला की मला उठवायचं. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालात मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून खुशाल घोरायचो. पुस्तकांचंही तसंच. वर्णनाचे परिच्छेद गाळायचे, चोर सापडला की नाही तेवढं बघायचं आणि पुस्तक मिटायचं.

आता चाळिशी उलटली आणि सगळं उलटं झालंय. हिवाळ्यात नागपुरात गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले की मी कानटोपी घालून वेळेआधी जाऊन बसतो, ते सूर जुळवणं ऐकायला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढंमागं सरकवला की मघाशी नुसती वाजणारी तार एकदम बोलायला लागते. हे बघायला मिळावं म्हणून मी पुढची खुर्ची धरतो. (मध्येच सत्कार निघाले की मात्र मागची बरी. शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचं 'दोनच शब्द बोलतो', यात कलाकाराचा अर्धा तास जातो.) वसंतराव देशपांडे सभागृहात बसलो की हमखास आठवतं, वसंतराव लहानपणी याच गावात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. तेव्हा त्यांनाही कधी विलंबितात डुलकी लागली असेल का? नसावी.

पुस्तकांचा नाद पुन्हा लागला तो सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिथं कोपरे दुमडलेल्या अवस्थेत भेटला. बनेश फेणे, मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. चोर पकडला जाणार हे मला पाठ आहे, त्यामुळे घाई उरलेली नाही. आता मी वाट बघतो ती तो जिभेनं काढतो त्या 'ट्टॉक'ची. ते कुठं येणार हे साधारण कळतं, तरी आलं की मान हलते. गाण्यात समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, हलते तशीच. लेखकानं पोराला किती मोकळं सोडलंय तेही आता दिसतं. संकटात पोरगा एकटा, खिशात फोन नाही, आणि घरचेही फार कासावीस झालेले नाहीत. आजच्या पालकाला हे वाचून घाम फुटेल.

'किशोर'चे जुने अंकही आता घरबसल्या वाचता येतात. बालभारतीनं 1971 साली हे मासिक काढलं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट ठेवलेत. पण मोबाइलवर ती चित्रं बघण्यात मजा नाही. पान दोन्ही हातांत धरल्याशिवाय मला तरी चित्र बघितल्यासारखं वाटत नाही.

परवा भाचीनं पकडलंच. "मामा, काय वाचून राहिला तू? हे तर लहान पोरांचं आहे ना!"

"म्हणूनच तर वाचतो. तू वाचलं का?"

नव्हतं वाचलं. रात्री पुस्तक माझ्या उशाजवळून गायब झालं आणि सकाळी चहाच्या वेळेला खोलीतून एक 'ट्टॉक' ऐकू आलं. जीभ नीट लागली नव्हती, पण प्रयत्न चांगला होता.

आता येत्या मैफलीला तिलाही यायचंय. विलंबितात झोपणार नाही असं तिनं कबूल केलंय. माझा बिलकुल विश्वास नाही, म्हणून एक जादा शाल काढून ठेवलीय.