तुम्ही विचारलेत म्हणून: बोल्टला तार कशासाठी?

बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून तार ओवत बसण्यापेक्षा लॉकटाइटचे, म्हणजे आटे चिकटवून धरणाऱ्या रसायनाचे, दोन थेंब टाकून मोकळे का होत नाही, असे जुन्या गाड्या दुरुस्त करण्याच्या माझ्या शेडमध्ये येणारे गाडीमालक मला विचारतात, त्यांचे ड्रायव्हर विचारतात आणि अलीकडे माझा पुतण्याही विचारू लागला आहे. आजवर ‘पद्धत आहे’ एवढेच सांगून मी वेळ मारून नेली. परंतु ‘ओझरची सवय काही सुटत नाही तुमची’ हे ऐकून घेण्याची माझी क्षमता आता संपली आहे, म्हणून एकदाचे लिहितो.

सवय आहे, हे मी नाकारत नाही. नाशिकजवळच्या ओझरला विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये उमेदीची वर्षे गेली की हाताला वळण लागतेच. परंतु १९२८ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल एच्या फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या) बोल्टांना भोके मी पाडलेली नाहीत. ती कारखान्यातूनच पाडून आलेली आहेत. त्याआधीच्या मॉडेल टीमध्ये मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलमधल्या क्राउन व्हीलचे (मोठ्या दातेरी चाकाचे) बोल्टही तारेनेच बांधलेले असत. हेन्री फोर्ड हा पै-पैचा हिशेब ठेवणारा गृहस्थ होता. बोल्टामागे एक भोक जास्त पाडण्याचा खर्च त्याने हौसेखातर केला असेल, असे मला वाटत नाही.

दिखाव्याचाही आरोप होतो. इंजिनाच्या पोटात असलेली तार कोणाला दिसणार? नीट पिळलेली तार मला सुंदर वाटते, हे मात्र खरे आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार असेल तर इंचाला ६ ते ८ पीळ बसतात. त्याहून जास्त दिले तर तार ठिसूळ होते, कमी दिले तर सैल राहते. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्याकडे ती अशा बाजूने न्यावी लागते, की बोल्ट सुटण्याच्या दिशेने फिरू लागला तर तार ताणली जाऊन त्याला परत आवळण्याच्या दिशेने ओढेल. शेवटची शेपूट आत वळवायची, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही.

लॉकटाइटशी माझे वैर नाही. मात्र ते १९५० च्या दशकातले रसायन आहे आणि त्याला तेलाचा अंश नसलेले स्वच्छ आटे लागतात. मॉडेल एच्या मागच्या मेन बेअरिंगमधून (इंजिनाचा मुख्य दांडा ज्यात फिरतो त्या आधारातून) तेल झिरपतेच. नव्वद वर्षे तेल मुरलेले आटे मी कितीही धुतले, तरी खात्री कशी देणार? बोल्टखाली घालतात त्या स्प्रिंग वॉशरच्या भरवशाविषयी न बोललेले बरे.

एवढे सांगून थांबलो असतो, तर ते अर्धसत्य झाले असते.

एका घरातली आजोबांच्या वेळची मॉडेल ए माझ्याकडे आली. खालून ठोका येत होता. दुसऱ्या एका गॅरेजने मेन बेअरिंग गेले, व्हाइट मेटल (बेअरिंगच्या आतला मऊ मिश्रधातू) नव्याने ओतावे लागेल, असे सांगितले होते. मी इंजिन मंद ठेवले, इग्निशन बंद केले आणि ते थांबण्याच्या बेतात असताना पुन्हा चालू केले. एकच ठसठशीत ठोका आला. हे लक्षण सैल फ्लायव्हीलचे असते. या गाडीत टॉर्क ट्यूब (मागच्या अॅक्सलकडे जाणारा दांडा झाकणारी पक्की नळी) असल्यामुळे मागचा अॅक्सल सरकवल्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही. तो काढला, क्लच उतरवला आणि पाहतो तो तार जागच्या जागी होती. पीळ एकसारखे, दिशा बरोबर, शेपूट आत वळवलेली. मी स्वतः बांधली असती तर अशीच बांधली असती. हात लावून पाहिले तर फ्लायव्हील हलत होते. बोल्टांच्या डोक्यांभोवती धातू घासून निघालेली तांबूस भुकटी साचली होती आणि डॉवेल पिनांची (फ्लायव्हील जागेवर धरणाऱ्या खुंट्यांची) भोके लंबगोल झाली होती. तार कापली, तेव्हा बोल्ट पाना न लावता बोटांनी फिरले.

मालकांचा मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “काका, तार तर शाबूत होती ना? मग ढिले झाले कसे?”

मी सांगितले की तार बोल्टला आवळत नाही, फक्त पळू देत नाही; ती नसती तर एखादा बोल्ट बाहेर येऊन क्लचमध्ये सापडला असता आणि हाउसिंग (भोवतीचे कवच) फुटले असते. त्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे तारेमुळेच आम्हाला इतके दिवस कळले नाही.”

भोक तारेच्या रेषेत यावे म्हणून कोणीतरी आवळलेला बोल्ट किंचित मागे घेतला असावा, असा माझा तर्क आहे. तसे कधीच करायचे नसते. वॉशर बदलावा किंवा बोल्टांची अदलाबदल करून पाहावी. परंतु हा तर्क मला सिद्ध करता आला नाही. भोके रीम करून (कोरून गोल करून) मोठ्या डॉवेल बसवल्या, नवे बोल्ट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले आणि पुन्हा तारच बांधली. त्या मुलाने बिल चुकते केले. त्यानंतर ती गाडी माझ्याकडे आली नाही.

ओझरला असतानाचा मी त्याला ठणकावून सांगितले असते की तारेवर शंका घेणाऱ्याने पान्याला हात लावू नये. पण तिथे तारेआधी टॉर्क तपासणारा दुसरा माणूस असे, त्याची सही असे, आणि ठरलेल्या तासांनंतर सगळे पुन्हा उघडले जाई. माझ्या शेडमध्ये यांपैकी काहीही नाही. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की अक्षाला काटकोनात होणाऱ्या आडव्या हालचालीने बोल्ट आपोआप सुटत जातो आणि खरा आधार असतो तो आवळल्यामुळे बोल्टात येणाऱ्या ताणाचा. ताण गेल्यावर उरते ती नुसती तार. मग मी कशाचा एवढा अभिमान बाळगत होतो? आणि तरीही, ताण गेल्यानंतर बोल्टाने कुठे जावे, या प्रश्नाला तारेइतके चांगले उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

सध्या मी बोल्ट आवळल्यावर डोक्यावरून फ्लायव्हीलवर येईल अशी पिवळ्या रंगाची रेघ ओढतो आणि मग तार बांधतो. रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला असे समजायचे. पुतण्याने यातही खोट काढली. बोल्ट न फिरताच ताण गेला तर रेघ अखंडच राहणार, असे तो म्हणतो, आणि ते बरोबर आहे. शिवाय त्या बोल्टांवर क्लच प्लेट बसते, त्यामुळे ती रेघ पाहायची झाली तरी अॅक्सल मागे सरकवून गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.