पंधरा वर्षांच्या गाडीला परवडणारा रंग

माझ्या गाडीच्या छतावर निघालेला पहिला पोपडा नखाएवढा होता आणि दोन वर्षांत तो तळहाताएवढा पसरला. त्यानंतर बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावरही तेच दिसू लागले. इंजिन ठणठणीत होते, गिअरबॉक्सची तक्रार नव्हती आणि गाडी विकण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. मात्र संपूर्ण गाडी रंगवण्याचा पहिला अंदाज घेतला, तेव्हा तो आकडा गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावाच्या जवळपास निम्मा निघाला. पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करणे मला शक्य नव्हते आणि गाडी तशीच सडू देणेही पटत नव्हते. त्यामुळे पुढचे तीन महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे लागले.

पोपडे निघतात ते रंगाचे असतात, असाच माझा समज होता. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सहसा चार थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा, विजेच्या साहाय्याने चढवलेला लेप, त्यावर रंगाला पकड देणारा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर रंगहीन क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षे झिजत जातात, मग खालच्या रंगावरची पकड सुटते आणि पोपडे धरू लागतात. ऊन थेट पडते ते छत, बॉनेट आणि डिकीवर, म्हणून हे भाग आधी जातात आणि उभी दारे बरीच वर्षे टिकतात. ही एक गोष्ट समजली आणि खर्चाचा प्रश्न माझ्यासाठी पार बदलला, कारण गाडीची दारे अजून शाबूत होती.

एकदा पोपडे धरले की पॉलिशने काहीही होत नाही, हेही इथेच सांगायला हवे. रंग केवळ मंद झाला असेल तर रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या लेपाने, तो बराच उजळतो आणि तेवढ्यावर भागते. परंतु जिथे क्लिअर कोट उरलेलाच नाही, तिथे कंपाउंड उघड्या रंगालाच खाते. मी छताच्या एका कोपऱ्यावर तो प्रयोग केला आणि पांढऱ्या फडक्यावर गाडीचा राखाडी रंग उतरलेला पाहून लगेच थांबले.

दर विचारायला मी चार ठिकाणी गेले. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दरात तिपटीचा फरक होता आणि कोणीही स्वतःहून त्याचे कारण सांगितले नाही. आदल्या वर्षी एका गॅरेजमधून मी मागचा बंपर स्वस्तात रंगवून घेतला होता. तो रंग पाचव्या महिन्यात साल निघावी तसा निघाला आणि आत प्लॅस्टिक जसेच्या तसे, गुळगुळीत होते. ते घासलेलेच नव्हते आणि प्लॅस्टिकसाठीचा प्रायमरही मारलेला नव्हता. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे या वेळी प्रत्येक ठिकाणी मी तेच प्रश्न विचारले. जुना थर कुठपर्यंत घासणार? उघड्या पत्र्यावर कोणता प्रायमर देणार? दिवे, कड्या आणि रबर काढणार की नुसती टेप लावणार? क्लिअर कोट हार्डनर, म्हणजे तो कडक करणारे द्रव्य, घालून वापरायचा आहे का, आणि त्याचे किती हात देणार? दोन दिवसांत गाडी देतो म्हणणाऱ्याकडे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते. चौथ्या ठिकाणचे पेंटर वयस्कर होते. त्यांनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, रंगाच्या डब्याला फार पैसे लागत नाहीत. पैसे जातात ते घासायच्या मजुरीत. तुम्ही काय काय सोडायला तयार आहात, ते आधी ठरवू."

या काकांनी खिशातून जाड कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक काढले आणि गाडीभोवती फिरू लागले. दारांवर, बॉनेटवर, छतावर ते टपकन चिकटत होते. डाव्या मागच्या चाकाच्या वरच्या कमानीवर मात्र ते निसटून खाली पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. गाडीच्या आधीच्या मालकाच्या काळात तिथे जाडजूड लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी, भरलेली होती आणि त्याच जागी रंगाखाली मोहरीएवढे फोड आले होते, ज्यांच्याकडे मी कधी नीट पाहिलेही नव्हते. काकांनी नखाने एक फोड उचकटला तेव्हा आतून तपकिरी, ओलसर भुकटी आली. जुनी गाडी रंगवायला देण्यापूर्वी हे लोहचुंबक सर्वांनी फिरवून पाहावे असे मी मनापासून सांगेन, कारण वरून नवा रंग दिला असता तर काही महिन्यांतच तो गंज पुन्हा वर आला असता आणि सगळा खर्च पाण्यात गेला असता.

मग आम्ही कामाची व्याप्ती ठरवली. छत, बॉनेट, डिकीचे झाकण आणि डावा मागचा भाग एवढेच रंगवायचे, चारही दारे आणि पुढची मडगार्डे सोडायची. रंग तोच ठेवायचा. रंग बदलायचा म्हटले की दारांच्या आतल्या कडा, इंजिनाभोवतीची जागा, डिकीचा आतला भाग हे सगळे रंगवावे लागते, नाहीतर दार उघडताक्षणी जुना रंग डोळ्यांत भरतो. शिवाय अनेक देशांत नोंदणीच्या कागदावरचा रंगही बदलून घ्यावा लागतो. छतापुरती एक सोय गाडीच्या घडणीतच होती. छताच्या दोन्ही कडांना पन्हळ असते आणि तिच्यावर रबराची पट्टी बसवलेली असते. नवा रंग त्या पन्हळीत संपवला की जोड दिसत नाही.

आणखी दोन गोष्टींनी खर्च कमी झाला. मी काकांना सांगितले की मला घाई नाही, इतर कामांतून सवड मिळेल तेव्हा गाडी हातात घ्या. त्यांनी त्याबद्दल मजुरी कमी केली. पण एक अट मी घातली, की प्रायमर मारलेली गाडी उघड्यावर उभी राहायची नाही, कारण प्रायमर ओल शोषून घेतो आणि ती ओल वरच्या रंगाखाली अडकली की पुढे फोड येतात. दुसरी गोष्ट म्हणजे सुट्या भागांची काढघाल आणि घासण्याचे बरेचसे काम मी स्वतः अंगावर घेतले.

घासण्याचे काम मी चार रविवार केले. आधी साबणाने गाडी धुतली, मग मेण आणि तेलकटपणा काढणारे द्रावण एका फडक्याने लावून दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घेतले. हे घासण्याच्या आधीच करावे लागते, नाहीतर घासायचा सँडपेपर तीच चिकटाई ओरखड्यांत दाबून बसवतो. मागचे दिवे, अँटेना, वायपर आणि छताची रबरे मी काढली आणि प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पाकिटात ठेवून वर नाव लिहिले. रबर न काढता कडेने टेप लावली, तर टेपच्या रेषेवर रंगाची उभी कड तयार होते आणि पुढे पाणी शिरते ते तिथूनच. जी पट्टी काढता येण्यासारखी नव्हती, तिच्या कडेखाली काकांनी बारीक दोरी सरकवून रबर उचलून धरले.

पोपड्याची कड घासून मिटवणे हे या सगळ्यातले सर्वांत चिकाटीचे काम. मी ३२० नंबरच्या पेपरने सुरुवात केली. पेपर हाताने न धरता लाकडी ठोकळ्यावर गुंडाळला, कारण नुसत्या बोटांनी घासले की पत्र्यावर बोटांएवढ्या पन्हळी पडतात आणि त्या चकाकी आल्यावरच दिसतात. अर्ध्या तासाने मला वाटले की कड गेली. काकांनी मला डोळे मिटून तिथून बोट फिरवायला सांगितले आणि बोटाला पायरी लगेच लागली. डोळ्यांना जे दिसत नव्हते ते बोटाच्या टोकाला कळत होते. त्यानंतर मी डोळे मिटूनच तपासत गेले आणि छतावरची अशी प्रत्येक पायरी मिटायला पूर्ण दोन रविवार गेले. जुना रंग घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी अवश्य हवी. फार जुन्या गाड्यांच्या रंगात शिसेही असू शकते.

गंजलेल्या कमानीचे काम मात्र मी केले नाही. काकांनी जुनी लांबी पूर्ण खरवडली, तेव्हा खाली करंगळीएवढे भोक निघाले. तेवढा सडलेला पत्रा कापून त्यांनी नवा तुकडा वेल्डिंगने बसवला, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर दिला आणि मग लांबीचा पातळ थर ओढला. लांबी कोरडीच घासायची असते. ती सच्छिद्र असते, पाणी लावून घासली की पाणी आत मुरते आणि पत्र्याला पुन्हा गंज धरतो. चाकाच्या आतल्या बाजूने चिखल साचून पाणी जायची वाट बंद झाली होती, हे गंजाचे मूळ कारण होते. ती वाट मोकळी करून आतून मेणाचा लेप दिला.

प्रायमरवर काकांनी काळ्या भुकटीचा हलका हात फिरवला आणि ६०० नंबरने घासायला सांगितले. जिथे खोलगट असेल तिथे काळे राहते, उंचवटा असेल तिथे लगेच जाते. माझ्या बॉनेटवर काळी राहिलेली एक जागा रुपयाएवढी होती. तिथे पुन्हा प्रायमर दिला.

रंग जुळवण्याबाबत मला सर्वाधिक धास्ती होती, कारण राखाडी मेटॅलिक रंग जुळवणे अवघड. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक होता, पण तो क्रमांक नव्या गाडीचा आणि माझी दारे पंधरा उन्हाळ्यांची. क्रमांकाप्रमाणे मिसळलेला रंग एका कार्डावर मारून, त्यावर क्लिअर कोट देऊन, वाळल्यावर आम्ही तो दाराला लावून पाहिला. उन्हात तो काळपट वाटला, सावलीत जवळजवळ जुळला. तिसऱ्या कार्डाला समाधान झाले. छत आणि बॉनेट आडवे असल्याने त्यांच्यावर उजेड वेगळा पडतो आणि थोडा फरक खपून जातो. डावा मागचा भाग मात्र दाराला लागून, त्याच उभ्या रेषेत होता. तिथे रंग दारावर विरळ होत जाईल असा फवारला आणि क्लिअर कोट दाराच्या शेवटच्या कडेपर्यंत नेला. एका दाराचे काम वाढले, पण ते टाळले असते तर सांधा लांबूनही दिसला असता.

फवारणी मी शिकू शकले असते, तरी ती काकांकडेच ठेवली. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि त्यांच्या वाफा व तुषार श्वासात गेल्याने कायमचा दमा जडू शकतो. काका स्वच्छ हवेची नळी जोडलेला मुखवटा लावूनच आत गेले. जमिनीवर त्यांनी पाणी शिंपडले होते, धूळ उडू नये म्हणून. रंगाचे तीन हात, प्रत्येक हातानंतर ओलसर चमक जाईपर्यंत थांबणे, मग क्लिअर कोटचे दोन हात. बॉनेटच्या एका कडेला रंग मागे सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडले. काकांनी बाहेर येऊन विचारले, "ताई, डॅशबोर्डला चकाकीचे काही मारता का?" मारत होते, आणि त्यातले सिलिकॉन काचेखालच्या जाळीतून बॉनेटच्या कडेवर पसरले होते. ती कड वाळू देऊन, घासून, पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागली. रंगकाम ठरले की दोन-तीन महिने आधीपासून असले कोणतेही द्रव्य गाडीजवळ आणू नये.

क्लिअर कोटवर थोडी धूळ बसली होती, कारण ती बंद खोली असली तरी कारखान्यासारखी नव्हती. आठवड्याने मी २००० आणि मग ३००० नंबरच्या पेपरने, पाणी लावून, ते बारीक दाणे काढले आणि पॉलिश केले. कडांवर पेपर नेला नाही, तिथे थर सर्वांत पातळ असतो. महिनाभर मेण लावले नाही, झाडाखाली गाडी उभी केली नाही आणि पक्ष्यांची विष्ठा दिसताच पाण्याने भिजवून उचलली.

शेवटी झालेला खर्च पहिल्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहिला. आता चौदा महिने झाले आहेत. दर धुण्याला मी डाव्या कमानीच्या आतल्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवते. अजून काही लागलेले नाही. गेल्या महिन्यात छताचे एक रबर उचलून पाहिले, पन्हळीतली रंगाची कड जागच्या जागी होती. उजव्या पुढच्या दारावर, काचेच्या खाली, एक मंद डाग दिसू लागला आहे. तिसऱ्या कार्डावरचे रंगाचे प्रमाण काकांनी त्याच कार्डाच्या मागे लिहून दिले होते, ते मी गाडीच्या कागदपत्रांतच ठेवले आहे.