खिडकीवरून आलेला थुंकीचा डबा : माझा अनुभव

माझ्या बहिणीच्या पश्चात तिची सहा वर्षांची मुलगी आमच्या घरी, नाशिकच्या सिडको भागात वाढते आहे. तिला जन्मापासून एचआयव्ही आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, केंद्रातील नोंदणी, रक्ताच्या तपासण्या आणि दरमहा मिळणारी औषधे यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझा राग अजून शमलेला नाही, तो शहरातील एका तपासणी केंद्राच्या खिडकीबद्दल आहे.

एआरटी केंद्रात मुलांच्या प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारतात : खोकला आहे का, ताप येतो का, वजन वाढते आहे का आणि घरात किंवा शेजारी कुणाला क्षयरोग झाला आहे का. भाचीचा खोकला हटत नव्हता आणि वजनाचा आकडा जागचा हलत नव्हता. प्रतिकारशक्ती घटलेल्या शरीरात जे संधिसाधू संसर्ग शिरकाव करतात, त्यांत क्षयरोग फार घातक असल्याने डॉक्टरांनी लगेच तपासणीसाठी चिठ्ठी दिली.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने झाकणाचा डबा पुढे सरकवून थुंकी आणण्यास सांगितले. मुलगी जिवाच्या आकांताने खोकली, पण डब्याच्या तळाशी लाळेचा फेसच जमला. तो पाहून ‘ही लाळ आहे, उद्या सकाळी नीट आणा’ एवढेच उत्तर मिळाले आणि पुढेही दरवेळी तेच मिळत राहिले. लहान मुले खोकून आलेला बेडका बाहेर टाकत नाहीत, तो गिळतात. शिवाय त्यांच्या क्षयरोगात जंतूंची संख्या मुळातच कमी असते. म्हणूनच पहाटे उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून जठरातील पाणी काढतात आणि त्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूंची जनुके शोधणारी, तपासणी करतात. ही सोय उपलब्ध असताना त्या खिडकीवरील एकाही माणसाने तिचा उल्लेख केला नाही आणि दरम्यान मुलीचा ताप वाढत गेला, हे मला आजही सहन होत नाही. त्यातच एकदा ‘एआरटीवाली मुलगी कुठे आहे?’ असे सर्वांदेखत विचारले गेले. एचआयव्ही आणि एड्स कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असून, संमतीशिवाय कुणाची अशी माहिती उघड करण्यास त्यात मनाई आहे, हे मी तिथेच ठणकावून सांगितले.

अखेर एआरटी केंद्राच्या डॉक्टरांकडून ‘जठरातील पाण्याचा नमुना’ असे स्पष्ट शब्दांत लिहून घेतले, तेव्हा कुठे बालरोग विभागात आदल्या रात्री दाखल करून घेतले गेले. आपल्या मुलाला थुंकी काढता येत नसेल, तर हे शब्द पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या. पहाटे नळी घालताना भाचीने माझा अंगठा घट्ट धरून ठेवला होता आणि ‘मामा, झालं का?’ एवढेच ती विचारत होती. त्याच दिवशी अहवाल आला : क्षयरोग आहे, मात्र रिफाम्पिसिन या क्षयावरील मुख्य औषधाला दाद देणारा. निदान झाल्याचाही आनंद होऊ शकतो, हे मी त्या दिवशी अनुभवले.

आता आठवले म्हणून लिहितो : नमुना घेण्याआधी पाण्याचा घोटही देऊ नये, आणि तपासणी नकारात्मक आली तरी क्षयरोग नाहीच असे मानू नये, एक्स-रे, लक्षणे आणि क्षयरुग्णाशी आलेला सहवास पाहूनही डॉक्टर उपचार सुरू करतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरील औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून क्षयाचे उपचार चालू असताना ती गोळी दिवसातून एकदा न देता बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते. हा बदल एआरटीच्या पुस्तिकेत नोंदवला आहे ना, हे औषध घेतानाच पाहावे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याने घाबरून औषध थांबवू नये. भाचीच्या वजनाची नोंद मी आता दर महिन्याला स्वतः वाचतो आणि या वेळी आकडा वर गेलेला आहे.