गंधक नेमका कोणत्या टोकाला बसतो

गेल्या पावसाळ्यात सलग तीन आठवडे मी ॲलिलिक सल्फाइड बनवण्याच्या एकाच प्रयोगाशी झुंजत होते. आर्गॉनच्या आवरणाखाली सिनॅमिल कार्बोनेट, उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम आणि त्या धातूला धरून राहणारे फॉस्फीन घेतले की द्रावणाला सुंदर, स्वच्छ पिवळा रंग येई. त्यात थायोफेनॉल (थायॉल वर्गातले, म्हणजे गंधक-हायड्रोजन गट असलेले संयुग) घातले की रंग क्षणात गडद होई, नारिंगी गाळ तळाशी बसू लागे आणि संध्याकाळपर्यंत काचेच्या आतल्या बाजूला काळा थर धरलेला असे. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर, पाहिले तर मूळ कार्बोनेटचा ठिपका जागच्या जागी ठळक दिसे. कोणी मला विचारले असते की उत्प्रेरकाचे विषबाधित होणे म्हणजे काय, तर मी व्याख्या न सांगता तो फ्लास्क दाखवला असता.

ॲलिलिक सल्फाइड म्हणजे ज्या संयुगात गंधक दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनला जोडलेला असतो ते संयुग. आपल्या घरात ही जोडणी रोज भेटते. लसूण ठेचल्याबरोबर ॲलिनेज हे विकर ॲलिइनवर काम करते, ॲलिसिन तयार होते आणि ॲलिसिन मोडत जाऊन डायॲलिल डायसल्फाइडसारखी संयुगे देते. खलबत्त्याला दुसऱ्या दिवशीही जो वास येतो तो त्यांचाच. थिओडोर व्हर्टहाइम यांनी 1844 मध्ये लसणाच्या तेलाचा अभ्यास करताना लसणाच्या ‘ॲलियम’ या लॅटिन नावावरूनच ‘ॲलिल’ हा शब्द घडवला. लसणातला ॲलिल गट मात्र अगदी साधा आहे. त्याच्या तीन कार्बनांच्या साखळीची दोन्ही टोके सारखीच, त्यामुळे गंधक कुठल्या टोकाला बसला हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. साखळीवर एखादा गट बसवला की दोन टोके वेगळी होतात आणि खरे रसायनशास्त्र तिथून सुरू होते.

साध्या ॲलिल सल्फाइडसाठी उत्प्रेरकाची गरज नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. ॲसिटोनमध्ये पोटॅशियम कार्बोनेट, थायोफेनॉल आणि ॲलिल ब्रोमाइड घेतले तर अभिक्रिया मुकाट्याने पूर्ण होते. डोळ्यांतून पाणी काढणारे ते ब्रोमाइड हाताळताना फ्यूम हूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खाली ठेवायची, एवढीच दक्षता. परंतु ॲलिलिक ब्रोमाइडवर इतर गट आले की थायोलेट (हायड्रोजन गमावलेले, ऋणभारित थायॉल) कधी ब्रोमीनच्या जागेवर तर कधी दुहेरी बंधाच्या दूरच्या टोकावर हल्ला करते आणि हाती मिश्रण येते. शिवाय वजनाचा हिशोब करून पाहावा. सिनॅमिल फिनाइल सल्फाइडचा रेणुभार 226. ते ब्रोमाइडपासून करायचे तर 197 चे ब्रोमाइड, 110 चे थायोफेनॉल आणि 138 चे पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे एकूण 445 खर्ची पडतात. जवळजवळ निम्मे वस्तुमान कचऱ्यात जाते. तेच सिनॅमिल अल्कोहोलपासून केले तर 134 आणि 110 मिळून 244 लागतात, आणि बाजूला पडते ते फक्त 18 चे पाणी.

पॅलेडियमचा मार्ग जिरो त्सुजी यांनी 1965 मध्ये दाखवला आणि बॅरी ट्रॉस्ट यांनी 1973 पासून फॉस्फीनच्या साहाय्याने त्याला आजचे रूप दिले. धातू दुहेरी बंधाला धरतो, शेजारचा ॲसिटेट किंवा कार्बोनेट गट निघून जातो आणि तीनही कार्बन धातूच्या एका बाजूला पसरून बसतात. या पाय-ॲलिल संकुलावर बाहेरून येणारा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बंध जोडणारा रेणू) दोन टोकांपैकी एक निवडतो. मॅलोनेट आणि अमाइन यांच्याबाबत ही पद्धत इतकी भरवशाची आहे की गंधकाबाबतही तेच घडेल असे कोणालाही वाटावे. मलाही तसेच वाटले होते.

अडचण गंधकाच्या स्वभावात आहे. राल्फ पिअर्सन यांनी 1963 मध्ये मांडलेल्या कठीण-मृदू आम्ल-आम्लारी कल्पनेनुसार गंधक मृदू आहे, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सहज सरकतात, आणि पॅलेडियमही मृदू आहे. दोघांची गाठ पडली की सहजी सुटत नाही. थायोलेट ॲलिल गटाकडे जाण्याऐवजी सरळ धातूलाच चिकटते. एका थायोलेटच्या दोन हातांत दोन पॅलेडियम, त्यांच्याशी आणखी थायोलेट अशी साखळी वाढत जाते आणि ती न विरघळणाऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. माझ्या फ्लास्कमधला नारिंगी गाळ हाच होता. अनेक पाठ्यपुस्तके ‘गंधक उत्प्रेरकाला विषारी ठरतो’ या एका वाक्यावर विषय संपवतात, याचे मला वाईट वाटते. कारण ‘विष’ म्हटले की विचार थांबतो, आणि ‘घट्ट धरतो’ म्हटले की ती पकड सैल कशी करायची हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

त्या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी दिली. ट्रॉस्ट यांच्या गटाने 1980च्या दशकात मोकळ्या थायॉलऐवजी सिलिकॉन लावलेले सल्फाइड वापरले. द्रावणात मोकळे थायोलेट कमी राहिले की धातूला श्वास घ्यायला वाव मिळतो. मी माझ्या प्रयोगात थायॉल एकदम न ओतता सिरिंज पंपाने चार तासांत थेंबथेंब सोडले, फॉस्फीनचे प्रमाण वाढवले, आणि पहिल्यांदाच दिवसअखेर द्रावण पिवळे राहिले. त्या संध्याकाळी माटुंग्याहून लोकलने घरी येताना मी मनातल्या मनात प्रमाणेच मोजत होते.

याहून मूलगामी उत्तर क्योतो विद्यापीठातल्या तेरुयुकी कोंदो आणि ताकेआकी मित्सुदो यांच्या गटाने 1999 मध्ये दिले. त्यांनी धातूच बदलला. पाच मिथाइल गटांची सायक्लोपेंटाडाइनिल टोपी घातलेल्या रुथेनियमने ॲलिफॅटिक आणि ॲरोमॅटिक अशा दोन्ही प्रकारच्या थायॉलांपासून ॲलिलिक सल्फाइड सौम्य परिस्थितीत तयार झाली. या शोधाचे महत्त्व मला त्यातल्या उत्पादनाच्या आकड्यांपेक्षा अधिक वाटते. गंधक आणि संक्रमण धातू यांचे उत्प्रेरणात जमतच नाही, ही समजूत त्याने मोडीत काढली.

पॅलेडियम, रुथेनियम हे धातू महाग आहेत, म्हणून मी दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न केला. बिस्मथ, इंडियम किंवा लोह यांची लुइस आम्लधर्मी क्षारे अल्कोहोलमधला ऑक्सिजन धरून त्याला पाण्याच्या रूपाने जायला भाग पाडतात, आणि उरलेल्या ॲलिलिक कार्बोकॅटायनवर (धनभारित कार्बनवर) थायॉल बसते. मी बिस्मथ ट्रायफ्लेट घेतले. मुंबईच्या जुलै महिन्यात ही पूड बाटली उघडताच हवेतले पाणी ओढून चिकट होते, त्यामुळे वजन करताना घाई करावी लागली. एका फ्लास्कमध्ये सिनॅमिल अल्कोहोल घेतले, दुसऱ्यात त्याचाच शाखित भाऊ, म्हणजे ज्याचा हायड्रॉक्सिल गट फिनाइलच्या शेजारी आहे तो. दोन्हींचे एनएमआर आलेख (रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुठे आहे ते रेघांनी दाखवणारे) शेजारी ठेवले तेव्हा ते एकावर एक तंतोतंत बसले. 3.7 पीपीएमच्या आसपास गंधकाशेजारच्या मिथिलीनची दुहेरी रेघ, 6.2 आणि 6.4 जवळ दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन, आणि एकमेकांमुळे त्यांच्या रेघा जितक्या फुटतात ते अंतर (युग्मनांक) सोळा हर्ट्झच्या जवळपास, म्हणजे ट्रान्स रचना, दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना. शाखित सल्फाइडची खूण 4.8 जवळ दिसायला हवी होती, ती कुठेच नव्हती. सुरुवात कुठूनही करा, मधला कार्बोकॅटायन एकच असल्याने शेवट एकच होतो: अधिक स्थिर, सरळ साखळीचा सल्फाइड. ही पद्धत स्वस्त आणि स्वच्छ आहे, पण निवड तुमच्या हातात राहत नाही.

एका गोष्टीची नोंद इथेच करते. थायॉलची भांडी आधी हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेवायची असतात, म्हणजे गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन वास जातो. एका संध्याकाळी मी एक फ्लास्क तसाच बेसिनमध्ये धुतला, आणि दहा मिनिटांत खालचा रखवालदार जिना चढून वर आला. गॅस कुठे गळतोय, असे त्याने काळजीने विचारले. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम मर्कॅप्टनचाच, म्हणजे थायॉलचाच, वास देतात, तेव्हा त्याची शंका अगदी रास्त होती. मी त्याची माफी मागितली, आणि तेव्हापासून हायपोक्लोराइटची बादली बेसिनच्या आधी हाताशी येईल अशी ठेवली आहे.

शाखित सल्फाइड हवा असेल तर ऱ्होडियमकडे वळावे लागते, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत देखणे काम तिथे झाले आहे. फ्रायबुर्गच्या बर्नहार्ड ब्राइट यांच्या गटाने ॲलीनवर (एकाच कार्बनवर दोन दुहेरी बंध असलेल्या संयुगावर) थायॉलची बेरीज करून शाखित ॲलिलिक सल्फाइड मिळवले. कॅलिफोर्नियात अर्व्हाइन इथे व्ही डाँग यांच्या गटाने 1,3-डाईनांवर (एक बंध सोडून दोन दुहेरी बंध असलेल्या संयुगांवर) तशीच बेरीज केली, तीही एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एकाकडेच झुकणारी. इथे कोणताही गट निघून जात नाही. दोन रेणू आत जातात, एक बाहेर येतो, आणि 18 चे पाणीसुद्धा वाया जात नाही. गंधक-हायड्रोजन बंध आधी ऱ्होडियमवर उघडतो, मग धातूवरचा हायड्रोजन असंतृप्त साखळीवर जाऊन तिथल्या तिथे ॲलिल संकुल घडवतो. पॅलेडियमला जी पकड घातक ठरली, तीच गंधकाची धातूवरची ओढ इथे पहिल्या पायरीचे काम करते.

इतक्या कष्टाने मिळवलेला शाखित सल्फाइड सांभाळावाही लागतो. सायक्लोहेक्झिल ॲलीनपासून केलेला माझा एक नमुना एनएमआर नळीत, खिडकीजवळच्या स्टँडवर आठवडाभर राहिला. पुन्हा आलेख घेतला तेव्हा टोकाच्या दुहेरी बंधाच्या रेघा क्षीण झाल्या होत्या आणि 5.5 जवळ नव्या उगवल्या होत्या. प्रकाशाने सुटलेला गंधकाचा रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) टोकाच्या दुहेरी बंधावर बसतो आणि दुसऱ्या बाजूचा गंधक बाहेर ढकलतो. असे एकेक करत सगळा माल सरळ साखळीकडे सरकतो. आता अशा नमुन्यांच्या नळ्यांना मी ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळते आणि त्या फ्रीजमध्ये ठेवते. पुढच्या पायरीत त्यांचे ऑक्सिडीकरण करून सल्फॉक्साइड करायचे आहेत, कारण मिस्लो-इव्हान्स पुनर्रचनेत गंधकावरचा ऑक्सिजन साखळीच्या दुसऱ्या टोकाला उडी मारतो आणि ॲलिलिक अल्कोहोल मिळते. गंधक सुरुवातीला कोणत्या टोकाला होता, यावर तो ऑक्सिजन कुठे उतरणार हे ठरते. पहिले तीन नमुने फॉइलमध्ये तयार आहेत. सोमवारी त्यांना शून्याखाली थंड करून परऑक्सी आम्ल घालायचे आहे.