फोटोच्या बाहेर बाळ कोणाकडे आहे?

मला एक खोड लागलीये. इन्स्टावर कुठल्याही 'फिट मॉम'ची रील आली की मी तिचे ॲब्स बघतच नाही, मी मागचं बघते. म्हणजे बाळ कुठेय, ते कोणाच्या कडेवर आहे, ही बाई सकाळी साडेसहाला प्लँक करतेय तर घरी कुकर कोण लावतंय आणि दुधाची पिशवी आत कोणी घेतली. बहुतेक वेळा काही कळतच नाही कारण फ्रेम बरोब्बर कापलेली असते, पण कधीकधी जिमच्या आरशाच्या कोपऱ्यात एखाद्या मावशी दिसतात, कडेवर बाळ, तोंडावर कंटाळा, आणि मग मला काय आनंद होतो म्हणून सांगू. सापडल्या!

हे सगळं परत डोक्यात यायचं कारण म्हणजे ओळखीतल्याच एकीची पोस्ट. बाळ चार महिन्यांचं. बिफोर-आफ्टर फोटो, आफ्टरमध्ये क्रॉप टॉप, खाली लिहिलंय की मनात आणलं तर सगळं होतं, नो एक्स्क्यूजेस मम्माज. त्याखाली आगीच्या इमोजींची रांग. आता मला तिचं घर माहितीये. आई आणि सासू महिना-महिना वाटून घेतात, स्वयंपाकाला बाई, बाळाला सांभाळायला दिवसभर एक ताई, शिवाय मालिशवाल्या मावशी वेगळ्या. चांगलंच आहे ना, प्रत्येकीला मिळो. तिने घामही गाळलाय, कोणी तिच्याऐवजी स्क्वॉट्स मारले नाहीत. माझं भांडण फोटोशी नाहीये, त्या एका ओळीशी आहे. ती ओळ आली की तिचं सपाट पोट ही तिची इच्छाशक्ती होते आणि माझं सुटलेलं पोट हा माझा आळस होतो, आणि मधल्या पाच बायका हवेत गायब.

ही ओळ काही तिची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मारिया कँग नावाची एक बाई आहे, तिने २०१२ मध्ये फेसबुकवर एक फोटो टाकला होता. स्पोर्ट्स ब्रा, शॉर्ट्स, दगडासारखं पोट आणि भोवती तिची तीन मुलं, एक तीन वर्षांचा, एक दोन वर्षांचा आणि एक आठ महिन्यांचा. वर मोठ्या अक्षरात, 'व्हॉट्स युअर एक्स्क्यूज?' म्हणजे मी करू शकते, तुझी सबब काय? वर्षभराने, २०१३ मध्ये, तो फोटो असा काही पसरला की टीव्हीपर्यंत गेला, जगभरातल्या आया तिच्यावर तुटून पडल्या, काहींनी तिची बाजूही घेतली. तिने मग माफीसारखं काहीतरी लिहिलं ज्यात माफी कमी आणि 'तुम्हाला टोचलं असेल तर ते तुमचं तुम्ही बघा' जास्त होतं. माझ्याकडे मुलं सांभाळायला बाई नाही, असंही तिचं म्हणणं होतं. असेल. एखादीचं जमतं. पण एखादीचं जमलं म्हणून तिने बाकीच्यांची हजेरी घ्यायची हे कुठलं गणित?

आणि गंमत बघा, त्याच २०१३ च्या जुलैमध्ये इंग्लंडची केट मिडलटन बाळाला घेऊन लंडनच्या हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली, निळा ठिपक्यांचा ड्रेस, आणि पोट तसंच पुढे. बाळ होऊन एक दिवस झालेला, पोट असणारच ना! तर त्याचीच बातमी झाली, कित्येकांना वाटायचं की बाळ बाहेर आलं की पोट फुग्यासारखं फुस्स होतं. तिथल्या एका मासिकाने तर लगेच तिच्या वजन कमी करण्याच्या प्लॅनवर लेख छापला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी ऐश्वर्या रायचं काय केलं ते आठवतंय? नोव्हेंबर २०११ ला मुलगी झाली, २०१२ च्या मेमध्ये ती कानच्या चित्रपट महोत्सवाला गेली, मधल्या काळात तिच्या वजनावर व्हिडिओ, एका व्हिडिओत तर मागे हत्तीचे आवाज घातले होते. विश्वसुंदरीला ही वागणूक मग आपण कोण.

घरी ट्रोल नसतात, मावश्या आणि आत्या असतात. बाळ बघायला आल्या की आधी बाळ बघायचं, मग आईला वरपासून खालपर्यंत. माझ्या एका चुलत सासूबाईंचा जोक होता, 'बाळसं बाळाला धरायचं होतं, आईलाच धरलं की!' सगळे हसले, मीही हसले, मांडीवर पोर होतं आणि टाके दुखत होते म्हणून जास्त हसता आलं नाही एवढंच. त्याच सासूबाई हातात डिंकाचा दुसरा लाडू ठेवत होत्या, खा गं, दूध यायला पाहिजे. सव्वा महिना अळिवाची खीर, तूप, शेक-शेगडी, जुन्या नऊवारीच्या पट्टीने पोट आवळून बांधायचं, बाहेर पडायचं नाही, आणि सव्वा महिना संपला की लगेच 'अगं किती सुटलीस'. आणि बारीक राहिलं तर 'सुकली गं पोर, सासरी खायला घालत नाहीत वाटतं'. मधलं काही नाहीच.

पण एक सांगू, त्या सव्वा महिन्याच्या पद्धतीत कितीही काय काय असलं, एक गोष्ट उघड होती की बाळंतिणीला माणसं लागतात. अंग लावायला एक, बाळाला न्हाऊ घालायला एक, रात्री पोर घेऊन फेऱ्या मारायला एक. कोणी म्हणत नव्हतं की मी एकटीने केलं. आता माणसं तीच, तेवढीच, फक्त फोटोत घ्यायची नाहीत.

शरीराचंही तेच. जे दिसतं ते पोस्ट होतं. गर्भाशयालाच मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणजे रीलवाल्यांचं 'सिक्स वीक्स ट्रान्सफॉर्मेशन' सुरू होऊन संपतं तेव्हा आत नुसतं आवरणं चाललेलं असतं. सिझर असेल तर ते पोटाचं मोठं ऑपरेशनच आहे, त्वचा, चरबी, खालचे पडदे, गर्भाशय, सगळं कापून परत शिवलेलं. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशननंतर पेशंटला 'शेपमध्ये कधी येणार' विचारतात का? आणि सिझर काही थोड्याथोडक्यांचं होत नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली, खाजगी हॉस्पिटलांमध्ये ४७ टक्क्यांच्या वर. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी, त्यातल्या कित्येक जिना चढतानाच दमतात, त्यांना तुम्ही बर्पीज मारायला सांगताय.

पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात, गरोदरपणात त्यांच्यामधली पट्टी ताणली जाऊन फट पडते, डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. बऱ्याच जणींची आपोआप भरते, काहींची राहते, आणि मग वजन अगदी गरोदर व्हायच्या आधीएवढं झालं तरी पोट पुढेच दिसतं. माझ्या फिजिओने आधी झोपवून बोटांनी ती फट मोजली आणि क्रंचेस सध्या बंद म्हणाली. आणि मी तोपर्यंत यूट्यूबवर बघून काय मारत होते तर क्रंचेस, कारण व्हिडिओवर 'मम्मी टमी' लिहिलं होतं.

आणि ती दुसरी गोष्ट, जी कोणीच रीलमध्ये टाकत नाही. उडी मारली की गळतं, लघवी. शिंकलं की गळतं, खळखळून हसलं तरी. झुंबाच्या क्लासमध्ये जंपिंग जॅक्स सुरू झाले की मागच्या रांगेतल्या आम्ही दोघी-तिघी पाणी प्यायला जायचो, एकदम तहान लागायची सगळ्यांना एकाच वेळी. मी एकदा कंटाळून बायकांच्या ग्रुपवर सरळ विचारून टाकलं की असं कोणाला होतं का, तर ग्रुपवर चिडीचूप, एक हात जोडलेला इमोजी आला फक्त (का ते देवालाच माहीत), आणि मग पर्सनलवर एकेकीचे मेसेज सुरू. एकीची मुलगी बारावीला आहे, इतकी वर्षं ती पॅड लावून फिरतेय, नवऱ्यालाही सांगितलं नाही. ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, कीगल म्हणतात, अर्नोल्ड कीगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये त्यावर लिहिलं होतं, म्हणजे हे काही कालपरवाचं गुपित नाही. नीट शिकवून घेऊन रोज केले तर खूप जणींना फरक पडतो. पण आफ्टरचा फोटो कसा काढणार त्याचा? म्हणून तो व्यायाम ट्रेंडिंग होत नाही.

दूध पाजणारीला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. आणि माझ्या फीडवर एक ताई बाळंतिणींना बाराशे कॅलरीचा डाएट चार्ट विकतात, ऑफरमध्ये, ईएमआय नाही हे नशीब.

अजून एक, बारीक म्हणजे फिट हे गणितच आपल्या लोकांना लागू होत नाही, आणि हे तर पुण्यातच सिद्ध झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. आपली बाळं जन्मताना युरोपातल्या बाळांपेक्षा हडकुळी, पण अंगात चरबी मात्र त्या मानाने तेवढीच, 'थिन-फॅट' म्हणतात ते. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आता सांगा, फोटो बघून कोण काय ओळखणार? मला तो फोटो फार आवडतो. दोन सदरा घातलेले मध्यमवयीन डॉक्टर, आणि जगातल्या सगळ्या बिफोर-आफ्टर फोटोंना पुरून उरतात. गरोदरपणी शुगर वाढलेली असेल तर नंतर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, तपासत राहणं हे जीन्स बसतेय का बघण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं, पण लॅबच्या रिपोर्टवर फायरचा इमोजी कोणी टाकत नाही.

बरं, सबब. सबब काय ते सरकारनेच मोजून ठेवलंय. २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८. आणि ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची बरं का, जे पुरुष घरात काडीही इकडची तिकडे करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. माणसांची काळजी घ्यायचं, म्हणजे मुलं, म्हातारे, आजारी, ते वेगळं, बायका १३७, पुरुष ७५. आमच्याकडे हे आकडे मी जेवताना वाचून दाखवले तर नवरा म्हणाला मी ८८ पेक्षा जास्त करतो. करतो खरं. मग मी विचारलं की तुझं पोट माझ्याआधीपासून पुढे आहे, तुला आजपर्यंत कोणी विचारलं का की बाबा, तुझी सबब काय? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, नाही, ऑफिसात उलट म्हणतात संसार मानवलाय.

संसार मानवलाय! आम्हाला तो मानवत नाही, आमच्या अंगावर येतो.

मारिया कँगबद्दल एक राहिलं, नाहीतर अन्याय होईल. त्या फोटोनंतर तिने आयांचे फुकट व्यायामाचे ग्रुप सुरू केले, बागेत पोरांना घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचा. नावात 'नो एक्स्क्यूज' तेवढं ठेवलंच, पण कल्पना फोटोपेक्षा हजारपट बरी. कारण त्यात पोरं फ्रेमच्या बाहेर कोणाकडे तरी ढकलायची नाहीत आणि कोणी नसलं तरी अडत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौघींनी त्याचाच देशी अवतार काढलाय. सकाळी सहा ते सात, दोघी तळजाईच्या टेकडीवर चालायला जातात आणि दोघी चौघींची पोरं सांभाळतात, दुसऱ्या दिवशी उलट. व्यायाम म्हणजे काय, चालणं, थोडा चढ, परत येताना एकीचं घरातलं, एकीचं ऑफिसातलं, त्या चढावर धाप लागल्यामुळे शिव्याही अर्ध्याच दिल्या जातात. माझं वजन किती कमी झालं असं सगळे विचारतात, तर दीड किलो, आणि गणपतीत मोदकांनी ते परत येणार हे मला आत्ताच दिसतंय. पण हिमोग्लोबिन वर आलंय आणि मागच्या रांगेतली एकदम लागणारी तहान बरीच कमी झालीये. एकीने त्याचीही रील करूया म्हटलं, तर बाकीच्यांनी एकच अट घातली की पोरं सांभाळणाऱ्या दोघी पण दिसल्या पाहिजेत, गाऊनमध्ये असल्या तरी. त्यावर ती रील अडकलीये, कारण गाऊनमध्ये यायला कोणी तयार नाही.

सध्या खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. टेकडीवर चिखल झाला की क्लब हाऊस हवं, ते सातच्या आधी उघडत नाहीत, आणि चेअरमनना पटवायला कोणी जायचं यावर चौघींचं एकमत होत नाहीये.